ओरिन ग्रोव्हचे शेवटचे अकरा सेकंद

ओरिन ग्रोव्ह, आयोवा
२ मार्च २००८

श्रीमती मार्लिस हिला व्हेल्डाचा स. न. वि. वि.

पत्र बघून घाबरू नकोस, कुणी गेलेलं नाही. म्हणजे गेलेत बरेच, पण या आठवड्यात कुणी नाही. तू दर नाताळाला ओरेगॉनहून छापील पत्र पाठवतेस आणि खाली शाईने सही करतेस. मी कार्ड पाठवते, त्यात नुसतीच सही असते. सख्ख्या बहिणींच्या लेकी आपण, आणि पन्नास वर्षांतलं हे पहिलं खरं पत्र. अक्षराला हसू नकोस. माझं शिक्षण तुला माहीत आहे. शाळेने मला ठेवून घेतलं ते चेंडू अडवायला. वही कोरी गेली ती कोरीच परत आली.

कारण असं की आपलं जिम पाडणार आहेत. चार गावांची मिळून एक नवी शाळा झाली आहे, हमरस्त्याच्या कडेला, कोंबड्यांच्या शेडसारखी चपटी. जुनी इमारत जूनमध्ये जाणार. त्याआधी सतरा मेला निरोपाचा कार्यक्रम आहे. समितीची चिटणीस कॉलीन म्हणून एक आहे, पाद्रीबुवांची सून. तिच्या डोक्यातून निघालं की ५८ सालच्या अंतिम सामन्याचे शेवटचे अकरा सेकंद पुन्हा खेळायचे. त्याच बायका, त्याच जागा. आपले ६१, वेस्ट कार्टरचे ६२, तिथून पुढे. वेस्ट कार्टरच्या सहापैकी चौघी जिवंत आहेत आणि चौघी येणार म्हणतात. जिंकलेल्यांना यायला काय झालं.

हे सांगायला कॉलीन केक घेऊन आली. इथे कुणी केक घेऊन आलं की समजावं, काहीतरी वाईट आहे. अर्धा तास ती माझ्या खुब्याबद्दल आणि मक्याच्या पेरणीबद्दल बोलली, आणि मग केककडे बघत म्हणाली की तुम्हाला अवघड वाटत असेल तर तुमच्या जागी दुसरी कुणी उभी करू. मार्लिस, पन्नास वर्षांत या गावाने माझ्यासमोर त्या सामन्याचं नाव काढलेलं नाही. एकदाही नाही. मी दुकानात शिरले की बास्केटबॉलवर बोलणारे पुरुष पावसावर बोलायला लागतात. दुष्काळ असला तरी. मी कॉलीनला सांगितलं की मी उभी राहीन.

माझी नात डॅना कॉलेजात खेळते, आताचा पाच जणींचा खेळ, अख्ख्या मैदानावर पळायचा. तिला मी आपला खेळ सांगितला. प्रत्येकी सहा मुली, मध्ये रेष. तिघी पुढच्या, त्यांनी रेषेच्या त्या बाजूला राहून गुण करायचे. तिघी राखणाऱ्या, त्यांनी या बाजूला राहून समोरच्यांना अडवायचं. चेंडू दोनदाच आपटायचा. रेष कुणी ओलांडायची नाही. तिने विचारलं, मग आजी, तू चार वर्षांत किती गुण केलेस. मी म्हटलं, राखणारी गुण करत नाही. ती म्हणाली, एकपण नाही? मुली किती हसतात गं हल्ली.

तर तू ये. तुझ्या बाजूला उभी राहा, हात वर कर. चेंडू मी तुझ्याकडे टाकेन. मला आणखी काही नको. तेव्हा टाकायचा होता तो आता टाकते. जिम पडलं की टाकायला जागा राहणार नाही.

लोभ किती उरलाय मला ठाऊक नाही. असेल तो असू दे.

व्हेल्डा

•

ॲस्टर बे, ओरेगॉन
१५ मार्च २००८

प्रिय व्हेल्डा हीस, स. न. वि. वि.

तुझं पत्र पोचलं. जिमबद्दल वाचून वाईट वाटलं. इथे गेले तीन आठवडे बारीक पाऊस आहे, पण डॅफोडिल्स आली आहेत. माझा डावा गुडघा गेल्या वर्षी बदलला, तो बरा आहे. उजव्याचं काही सांगता येत नाही. मेमध्ये माझ्या नातीची, शेल्बीची, पदवी आहे, त्यामुळे मला येणं जमेल असं दिसत नाही. समितीला माझ्या शुभेच्छा सांग. कॉलीनबाईंची कल्पना फार छान आहे.

तुमच्याकडे बर्फ वितळलं असेलच.

तुझा आणि गावाचा लोभ आहे तसाच राहावा,

मार्लिस

•

ओरिन ग्रोव्ह
२४ मार्च २००८

मार्लिस हीस, स. न. वि. वि.

बर्फ वितळलं. चिखल झाला. आता हवामान संपलं, दुसरं बोलू.

सामन्यानंतर बसमध्ये तू माझ्याशेजारी बसलीस आणि तीन तास मला सांगत राहिलीस की आभाळ भरून आलंय. त्यानंतर वर्षभर तू माझ्याशी फक्त आभाळावर बोललीस आणि मग ओरेगॉनला गेलीस. त्याआधी आपण सोळा वर्षं भांडलो होतो. तू माझे केस उपटलेस, मी तुझा दात पाडला, पुढचा. तो दात पाडल्यावर तू मला जे बोललीस ते मला अजून पाठ आहे, आणि ते या आभाळापेक्षा बरं होतं.

ताकाला जाऊन भांडं कशाला लपवू. तू मला पन्नास वर्षांत विचारलं नाहीस, तरी सांगते. अकरा सेकंद राहिले होते. वेस्ट कार्टरच्या फिलिसच्या हातातून मी चेंडू काढला. रेषेपाशी आले. तू पलीकडे मोकळी होतीस, हात वर. मला फक्त टाकायचा होता. पण चार वर्षं मी तुम्हा तिघींना चेंडू पोचवत होते, हॉटेलातल्या पोरीने ताटं पोचवावीत तसा, आणि तुम्ही जेवत होतात. मला एकदा त्या कडीत टाकायचा होता. मी रेष ओलांडली. पंचाने शिट्टी मारली ती मला ऐकू आली नाही. मी टाकला आणि तो आत गेला. गेला तो, मार्लिस, कडीलासुद्धा लागला नाही. मग बघितलं तर सगळे उभे होते आणि कुणी ओरडत नव्हतं.

राजधानीतल्या त्या धंदेशिक्षणाच्या कॉलेजचा माणूस तुला बघायला आला होता. टायपिंग शिकवणार, त्यांच्या संघात खेळवणार. तू त्याला सांगितलं होतंस की येईन तर माझ्या राखणारीला घेऊन येईन. दोघींना मिळून एक खोली ठरली होती, खाली बेकरी होती. सामना झाल्यावर तो वेस्ट कार्टरच्या मुलींशी बोलत उभा राहिला. मी सोमवारपासून शाळेत गेले नाही. अंडी उबवायच्या कारखान्यात लागले, मग ड्वेनशी लग्न केलं, चार पोरं झाली, आणि मग एकतीस वर्षं त्याच शाळेत झाडूवाली होते. जिमची फरशी रोज संध्याकाळी पुसायचे, ती रेषसुद्धा. कॉलीनने विचारलं की कधी कुणी नसताना चेंडू टाकून बघितलात का. नाही टाकला. कामावर कुणी खेळत नाही.

मला माफी नको आहे. मला तो चेंडू टाकायचा आहे, आणि तो घ्यायला तू हवी आहेस. गुडघा घेऊन ये.

लोभ नसेल तर राग तरी कळव, काहीतरी असू दे.

व्हेल्डा

•

ॲस्टर बे
६ एप्रिल २००८

व्हेल्डा, स. न. वि. वि.

हे पत्र मी चार वेळा लिहिलं आणि तीन वेळा त्यात पावसाबद्दल लिहिलं. ती फाडली.

मी येऊ शकत नाही याचं कारण पदवी नाही. ती जूनमध्ये आहे. कारण असं की इथे मी जिंकलेली आहे.

१९६२ साली इथल्या शाळेत नोकरी मागायला गेले. हेडमास्तरांनी अर्ज वाचला आणि विचारलं की आयोवाच्या राज्य अंतिम सामन्यात खेळलात म्हणजे जिंकलात का. मी हो म्हटलं. एवढंच. एक शब्द, तोही त्यांनी पुढचा प्रश्न विचारावा म्हणून. वाटलं होतं, पुढे कधीतरी दुरुस्त करू. पण ते प्रत्येकाला सांगत गेले. मग मुलींचे संघ निघाले तेव्हा राज्यविजेती म्हणून मलाच शिकवायला ठेवलं. सव्वीस वर्षं शिकवलं. सामना हरल्यावर रडणाऱ्या पोरींना मी सांगायचे की शेवटचे अकरा सेकंद कधी सोडू नका, मला विचारा. मी निवृत्त झाले तेव्हा त्यांनी माझ्या नावाची पाटी केली, त्यावर ते लिहिलं आहे, पितळेत. माझा नवरा तीच गोष्ट लोकांना सांगत सांगत गेला. त्याच्या गोष्टीत तू मला चेंडू टाकतेस. फार सुंदर टाकतेस.

आता पुढचं ऐक. कॉलीनबाईंनी कार्यक्रमाचं पत्रक सगळ्या जुन्या विद्यार्थ्यांना पाठवलं. ते शेल्बीने टपालातून उचललं. पत्रकात हरल्या-जिंकल्याचा शब्द नाही, नुसतं लिहिलंय की ऐतिहासिक अकरा सेकंद. सगळं घर निघालं आहे. मुलगा, सून, शेल्बी, तिचा मित्र, दोन गाड्या. शेल्बीने मला विचारलंसुद्धा नाही, ती म्हणाली आजी लाजते.

मी गावात पाऊल टाकलं की पहिल्या पाच मिनिटांत कुणीतरी सांगेल. मी आजारी पडावं म्हणते. तुला काय वाटतं?

तुझ्या लोभाला मी कुठल्या तोंडाने हक्क सांगू,

मार्लिस

•

ओरिन ग्रोव्ह
१२ एप्रिल २००८

मार्लिसबाई राज्यविजेत्या यांस, स. न. वि. वि.

पत्र दोनदा वाचलं. मग डुकरांना खायला घालून आले आणि तिसऱ्यांदा वाचलं.

म्हणजे एकाच सामन्यात मी इथे पन्नास वर्षं हरले आणि तू तिथे पन्नास वर्षं जिंकलीस. पितळेत. आणि मला तर तुझ्या नवऱ्याने चेंडू टाकायलासुद्धा लावला. बरा माणूस होता म्हणायचा, मला सुधारून गेला. मी इथे चर्चच्या जेवणात हॅमचे गोळे वाढत उभी राहायचे, समोरचा माणूस ताट धरून माझ्याकडे असा बघायचा की जणू मी विधवा आहे, तेव्हा ड्वेन चांगला जिवंत होता. आणि तिकडे तू पोरींना अकरा सेकंद शिकवत होतीस.

मला राग आला होता, तो मी डुकरांवर काढला. ती काही बोलत नाहीत.

आता आजारी पडायचं म्हणतेस ते सोड. तुझी नात तुला खुर्चीत घालून आणेल, नाव बघूनच कळतं. नीट विचार कर. हे ओरिन ग्रोव्ह आहे. इथे माझ्या सावत्र बापाने कोठार जाळलं तरी लोक म्हणाले की या वर्षी कोरडं फार आहे. जे गाव मला पन्नास वर्षं तोंडावर काही बोललं नाही, ते तुझ्या सुनेला पाच मिनिटांत काय सांगणार आहे? मूग गिळायचे म्हटले तर आमच्या गावाला मक्यापेक्षा मूग जास्त पिकतात.

तू ये. मी बघते.

लोभाचं नंतर बघू, आधी गाडीत बस.

व्हेल्डा

•

ॲस्टर बे
२० एप्रिल २००८

व्हेल्डा, स. न. वि. वि.

तू बघते म्हणतेस म्हणजे काय करणार आहेस? कुणाला काही सांगू नकोस. आणि शाळेच्या काचेच्या कपाटात ठेवलेलं, ५८ सालचं दुसऱ्या क्रमांकाच्या बक्षिसाचं ताट? शेल्बी सगळं वाचते. ती औषधाच्या बाटलीवरचंसुद्धा वाचते.

आणि समजा आले, तू चेंडू टाकलास, तर मला तो कडीत घालावा लागेल. मी अडुसष्ट वर्षांची आहे. गेल्या आठवड्यात गॅरेजच्या कडीवर वीस टाकले, तीन गेले. शेजाऱ्याने विचारलं, बरं वाटत नाही का.

तू एकटी चेंडू टाकून मोकळी होशील. मी काय होईन?

आपला लोभ या वयात कसोटीला लागू नये असं वाटतं,

मार्लिस

•

ओरिन ग्रोव्ह
२९ एप्रिल २००८

मार्लिस, स. न. वि. वि.

तीन जातात ना, मग झालं. चौथा आम्ही बघू.

मी कुणाला काही सांगितलेलं नाही. रविवारी प्रार्थनेनंतर कॉफी घेताना कॉलीनला एवढंच म्हटलं की मार्लिसच्या घरच्या लोकांना जुना इतिहास फार उकरलेला आवडत नाही, त्यांचा समज त्यांच्यापाशी बरा आहे. कॉलीनने कपात बघितलं. मग म्हणाली, त्यांचा समज कुठल्या बाजूचा आहे? मी म्हटलं, चांगल्या. ती म्हणाली, मग कॉफी जरा जास्त करावी लागेल, लांबून येतायत. झालं. बुधवारपर्यंत सगळ्या गावाला माहीत होतं. मला कसं कळलं म्हणशील, तर दुकानात मी शिरल्यावर पुरुष पावसावर बोलायला लागले, पण या वेळी एकाने मला टोपी काढून नमस्कार केला.

मर्लचं मात्र सांगता येत नाही. तो आपल्या वर्गातला मर्ल, बसमध्ये तीन तास रडला तो. लग्न केलं नाही, अजूनही मक्याच्या बियाण्याच्या कंपनीची टोपी घालून फिरतो, आणि त्या दिवशी गुणांच्या फळ्याच्या कळा त्याच्या हातात आहेत, कारण त्या जुन्या कळा दुसऱ्या कुणाला येत नाहीत. तो माझ्याशी पन्नास वर्षांत पावसावरसुद्धा बोललेला नाही. मी त्याच्याकडे गेले नाही. जाऊन काय सांगणार.

कपाटातलं ताट मी पॉलिशला आणलं आहे. किल्ली माझ्याकडे राहून गेली होती. त्या ताटाला पन्नास वर्षांत कुणी पॉलिश केलेलं नाही, पण कुणी विचारलं नाही. मी खोटं बोलत नाही, फक्त ताट हलवते.

तू विचारलंस की तू काय होशील. जाळीत गेला तर तू जिंकलीस. नाही गेला तर तुझ्या घरच्यांना कळेल की म्हातारीचे हात थकले. त्यांना ते आधीच माहीत आहे. मला मात्र टाकायचाच आहे. तो मी नीट टाकला की नाही एवढंच माझं आहे; पुढचं तुमचं पुढच्यांचं.

फिलिसचा फोन आला होता. तिने अकरा सेकंदांत चेंडू माझ्या हाती द्यायचा असं ठरलं आहे. ती म्हणाली, देईन, पण ओढावा लागेल.

सतराला दुपारी दोन. लोभ गाडीच्या डिकीत टाकून आण, जागा उरली तर.

व्हेल्डा

•

ॲस्टर बे
२२ मे २००८

व्हेल्डाताई हीस, स. न. वि. वि.

ताई म्हटलं कारण आठ महिन्यांचं अंतर मी आजवर मानलं नव्हतं.

आम्ही काल पोचलो. सामना झाल्यावर मला मिठ्या मारणाऱ्यांच्या गर्दीत तू दिसली नाहीस. शेल्बीने तुला शोधलं, तर कुणी सांगितलं की तू खुर्च्या उचलते आहेस. मग मुलाने गाडी काढली, त्याला गुरुवारी काम होतं. म्हणून हे लिहिते.

नेब्रास्कात एका पंपावर थांबलो होतो. सगळे खात होते. मी हातातलं सँडविच खाली ठेवलं. मी सांगितलं. पहिल्यापासून सगळं सांगितलं, हेडमास्तर, पाटी, तू रेष ओलांडलीस ते, बस, आभाळ. सांगितलं की आम्ही एका गुणाने हरलो, आणि परवाही माझा चेंडू गेला नाही. मग सून म्हणाली की आयोवाची माणसं अशीच, स्वतःचं कौतुक सहन होत नाही. मुलाने माझ्या खांद्यावर हात ठेवला. शेल्बीने कॅमेरा काढून दाखवला. त्यात मी दिसते, तू दिसतेस, आणि मागे फळ्यावर ६३–६२. ती म्हणाली, आजी, आम्ही डोळ्यांनी बघितलं.

शेहेचाळीस वर्षं मी खोटं बोलले आणि सगळ्यांनी मानलं. एकदा खरं बोलले तर कुणी मानेना. आता मी काय करू? पाटीवर चिकटपट्टी लावू?

माझी पाठ फळ्याकडे होती. चेंडू गेला नाही हे मला पक्कं माहीत आहे. आकडे कुणी बदलले?

आणखी एक. हे मी गाडीत सांगितलं नाही, तुलाच सांगते. ५८ साली माझा हात वर होता, पण मी तुझ्याकडे बघत नव्हते. मी वर बसलेल्या त्या कॉलेजच्या माणसाकडे बघत होते, तो बघतोय का ते. तू टाकला असतास तर चेंडू माझ्या कानावर आदळून बाहेर गेला असता. बसमध्ये हे तुला सांगणार होते. तोंड उघडलं आणि आभाळ निघालं. त्यानंतर जेवढं लांब जाता येईल तेवढी लांब गेले.

परवा मी तुझ्याकडेच बघत होते. तरी गेला नाही, कारण तुझा पास खाली आला होता.

लोभ मागायचा तो मागून झाला; आता तू काय देतेस ते,

मार्लिस

•

ओरिन ग्रोव्ह
२९ मे २००८

मार्ले, स. न. वि. वि.

लहानपणचं नाव घातलंय, टपालवाल्याला कळणार नाही म्हणून आडनाव पाकिटावर आहे.

तुझी फळ्याकडे पाठ होती म्हणून सांगते. फिलिस चेंडू सोडेना. ठरलं होतं तरी सोडेना. अकरातले सहा सेकंद तिच्याशी ओढाओढीत गेले आणि मी तिला जे म्हटलं ते पाद्रीबुवांनी ऐकलं. मग रेषेपाशी आले. पाय थांबले आपोआप. तुला दिला. तू टाकलास, तो कडीपासून वीतभर लांबून गेला आणि वेस्ट कार्टरच्या बाईच्या पर्समध्ये पडला. घंटा वाजली. फळा ६१–६२.

पंचाने बुटांकडे बघितलं. कॉलीनने कॉफीकडे बघितलं. फिलिसने माझ्याकडे बघितलं, आणि मग ती टाळ्या वाजवायला लागली. जिंकलेली बाई पहिली टाळी वाजवते म्हटल्यावर सगळे उठले. मर्ल कळांपाशी बसला होता. त्याने टोपी काढली, डोकं खाजवलं, टोपी घातली, आणि आपल्या बाजूला दोन गुण लावले. मग दिवे बंद करायला निघून गेला. मी खुर्च्या उचलत होते तेव्हा माझ्या बाजूने जाताना म्हणाला की या वर्षी पाऊस बरा दिसतोय. मी म्हटलं, हो.

तू त्या माणसाकडे बघत होतीस हे मला माहीत आहे. मी रेषेपाशी होते, मला तुझी मान दिसत होती. कुणाला सांगितलं नाही, कारण सांगण्यासारखं ते नव्हतं. तू माझ्याकडे बघत असतीस तरी मी गेले असते. मला एकदा टाकायचा होता आणि मी टाकला. तुझ्या मानेचा माझ्या पायाशी संबंध लावून मला स्वस्तात सोडवू नकोस, मला ते चालणार नाही.

घरच्यांनी मानलं नाही म्हणून रडू नकोस. सांगायचं काम तुझं होतं, ते झालं. मानायचं काम त्यांचं. पाटीला हात लावलास तर शेल्बी ती पुन्हा घासून चमकवेल, उगीच तिला काम.

ताट माझ्याकडेच आहे. समितीने यादीत लिहून टाकलं की हरवलं. त्यात सध्या मी रात्रीच्या जेवणाचा मका वाढते. पितळ नाही, साधं पत्र्याचं निघालं.

आता पासचं. पास खाली नव्हता. छातीशी होता, तू वाकली नाहीस. गुडघ्याचं कारण सांगू नकोस, तो तर नवा आहे. डॅना तिथेच उभी होती, तिला मी चार वेळा विचारलं आणि ती चार वेळा म्हणाली की आजी, छातीशी होता. पाचव्यांदा ती घराबाहेर गेली. पाहिजे तर तिला लिही, पत्ता मागे दिला आहे. आणि कबूल करायचं नसेल तर इथे येऊन तोंडावर नाही म्हण. सप्टेंबरमध्ये ये, मका कापायच्या आत. एकटी ये, कॅमेऱ्याशिवाय. तुझा दुसरा पुढचा दात अजून शाबूत आहे असं मिठ्या चालल्या होत्या तेव्हा लांबून दिसलं.

लोभ वाढवू नकोस, मला सांभाळायचा सराव नाही. आहे तेवढा घेऊन ये.

व्हेल्डा